थोरल्यात

आमच्या भागात ‘अमक्याला दवाखान्यात ठेवलंय’ म्हटलं तर कुणी फारसं दचकत नाही. कुठल्या दवाखान्यात, किती दिवस झाले, बिल किती आलं, एवढं विचारून बोलणं उसाच्या दराकडं वळतं. पण ‘थोरल्यात न्हेलंय’ म्हटलं की ऐकणारा हातातलं काम थांबवतो. गाडीवर असेल तर गाडी बंद करतो आणि एवढंच विचारतो, “कवा?”

थोरला दवाखाना म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर. पाटीवर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असं नाव आहे. शहरातली पोरं सीपीआर म्हणतात, रिक्षावाले चौकालाही सीपीआर चौकच म्हणतात. पण पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडकडची जुनी माणसं अजून ‘थोरला’च म्हणतात. निपाणी-चिकोडीकडून येणारे म्हणतात, घाट चढून कोकणातून येणारेही इथं दोन दिवस राहिले की म्हणायला लागतात.

‘मोठा दवाखाना’ नाही, ‘थोरला’. मोठा हा आकार झाला, थोरला हे नातं झालं. मला हा फरक बरीच वर्षं कळला नव्हता, खरं तर मी त्याकडं लक्षच दिलं नव्हतं. आमच्या घरात थोरले म्हणजे अण्णा, माझे वडील. तिघा भावांत थोरले. थोरल्याचं काय असतं, ते शेतकरी घरात वाढलेल्याला सांगायला नको. शाळा त्याची आधी सुटते. कर्ज त्याच्या नावावर निघतं. धाकट्यांची लग्नं तो करतो आणि वाटणी झाली की ‘थोरल्यानं खाल्लं’ हेही त्यालाच ऐकावं लागतं. गावभर त्याची उणीदुणी निघतात. पण रात्री-अपरात्री काही झालं की कडी वाजते ती त्याच्याच दाराची. तोही कुरकुरत का होईना, उठतो.

२००४ च्या जुलैमध्ये अण्णांना पान लागलं.

‘पान लागलं’ म्हणजे साप चावला. संध्याकाळनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं, आणि चावला तर पान लागलं म्हणायचं. अण्णा दिवेलागणीला वैरण कापायला गेले होते. उसाच्या कडेला बांधावरचं गवत मुठीत धरून विळा ओढला आणि उजव्या पायाच्या घोट्यावर काट्यागत टोचलं. जनावर त्यांनी बघितलं. जाडजूड, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, आणि कुकरची शिट्टी अडकल्यागत फुसकारा. घोणस.

गावातल्या रीतीप्रमाणं जे व्हायचं ते सगळं झालं. पिंढरीला सुतळी करकचून बांधली. कुणीतरी कडुलिंबाचा पाला तोंडात घातला, कडू लागतोय का बघायला. तो कडू लागला, म्हणून काही माणसं निर्धास्त झाली. कुणी देवळात न्यायचं म्हणालं. तेवढ्यात माझे धाकटे चुलते, तात्या, वडाप घेऊन दारात आले. तात्यांचा आणि अण्णांचा बांधावरून तंटा होता, दोन वर्षं बोलणं बंद. तात्या गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. नुसतं म्हणाले, “घाला त्याला गाडीत. थोरल्यात न्ह्याचंय.”

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. १०८ ची अँब्युलन्स महाराष्ट्रात यायला अजून दहा वर्षं होती. आम्ही कळ्याच्या पुढचे, म्हणजे रस्ता वीस-बावीस किलोमीटरच, पण जुलैचा पाऊस असा की बालिंग्याच्या पुलावर पाणी आलं तर सगळं तिथंच संपलं असतं. पाणी आलं नव्हतं. फुलेवाडी, रंकाळा, गंगावेश. गाडीत अण्णांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ते थुंकत होते आणि मधूनच विचारत होते, “म्हशीला वैरण कुणी टाकली का?”

तात्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, ती आम्हाला दवाखान्याच्या दारात कळली. त्यांनी ती घोणस मारून खताच्या पोत्यात घालून बरोबर आणली होती. डॉक्टरांना कळाया नको का कुठलं जनावर ते? अपघात विभागातल्या टेबलासमोर त्यांनी पोत्याचं तोंड सोडायला घेतलं तेव्हा जी पळापळ झाली, ती आठवून पुढं कित्येक वर्षं आमच्या घरात हसू फुटायचं. एक डॉक्टर शांतपणे म्हणाली, “मामा, ते बाहेर ठेवा. आम्हाला साप नको, पेशंट दाखवा.”

ती मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. इंटर्न. गळ्यात स्टेथोस्कोप, डोळ्यांखाली काळं. तिनं पहिल्यांदा पायाची सुतळी सैल केली. मग अण्णांच्या दंडातून थोडं रक्त काढलं, एका साध्या काचेच्या नळीत घातलं, नळी स्टँडला उभी केली आणि घड्याळाकडं बघत थांबली. मला वाटलं, आता हे तपासायला वर कुठंतरी यंत्राकडं जाणार. पण कुठं गेलं नाही. वीस मिनिटं ती नळी तिथंच उभी. कुणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. चांगल्या माणसाचं रक्त एवढ्या वेळात गोठतं. वीस मिनिटांनी तिनं नळी हळूच तिरपी केली, आणि रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं.

पुढं मी बऱ्याच महागड्या तपासण्या बघितल्या, स्वतःच्याही केल्या. पण त्या काचेच्या नळीसारखं स्वच्छ उत्तर पुन्हा कधी मिळालं नाही. घोणशीचं विष रक्ताची गोठायची ताकदच काढून घेतं. मग रक्त हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, आणि सगळ्यात घात होतो तो मूत्रपिंडांचा. रक्त वाहिलं म्हणजे विष अंगात भिनलंय. आता उतारा द्यायचा.

उतारा म्हणजे छोट्या काचेच्या बाटल्यांत पांढरी भुकटी. आपल्याकडं माणूस मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांवरही चालणारं एकच औषध. सापांचं विष थोडं थोडं घोड्याला टोचायचं, घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, तो काढून शुद्ध करून वाळवायचा. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्या रात्री मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की ती मुलगी एकेका बाटलीत पाणी सोडते आणि बाटली दोन तळव्यांत धरून, रवी फिरवावी तशी हळूहळू फिरवते. मी मदत करायला म्हणून एक बाटली उचलून खळाखळा हलवली. तिनं झटकन माझ्या हातातून काढून घेतली. “हलवायची नाही, फेस होतो. फिरवायची.” अशा दहा बाटल्या. मग मीही फिरवल्या. आयुष्यात अण्णांसाठी मी केलेलं पहिलं काम ते असावं. त्याच्या आधी सगळं त्यांनीच केलं होतं.

दर सहा तासांनी पुन्हा तीच नळी, तीच वीस मिनिटं. दुसऱ्या खेपेलाही रक्त वाहिलं. तिसऱ्या खेपेला तिनं नळी तिरपी केली, आडवी केली, पार उलटी केली. रक्त तळाशी घट्ट धरून बसलं होतं, विरजण लागल्यासारखं. तिनं ती नळी मला दाखवली. काही बोलली नाही, नळी ठेवून पुढच्या कॉटकडं गेली.

त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही, याची पुढं मला फार चुटपुट लागली. ती चुटपुट वेगळ्याच वाटेनं वाढली. काही वर्षांनी कळलं, की आनंदीबाई जोशी, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी बाई, हिची नेमणूक याच दवाखान्यात झाली होती. तेव्हा त्याचं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना इथल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. कोल्हापूर त्यांना नवं नव्हतं, गोपाळरावांची पोस्टातली नोकरी काही काळ इथंच होती. पण त्या आल्या त्या क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

म्हणजे त्यांची खुर्ची इथं मांडलेली होती आणि त्या बसल्याच नाहीत. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आली ती नळीकडं बघत उभी असलेली मुलगी. तेच वय. आता कुणी म्हणेल, हा ओढूनताणून जोडलेला संबंध आहे. असेल. पण मधल्या काळात त्या दोघींना जोडणारी माणसं खरीच होऊन गेली आहेत. शाहू महाराजांच्या पाठबळावर डॉक्टर झालेल्या कृष्णाबाई केळवकर यांनी याच दवाखान्यात काम केलं. आनंदीबाईंची खुर्ची अगदीच रिकामी राहिली नाही.

शाहू महाराजांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कोल्हापुरात कुठलाही विषय काढा, तो दोन वाक्यांत महाराजांपाशी जातो, याची बाहेरची माणसं चेष्टा करतात. पण दवाखान्याच्या बाबतीत तो जायलाच हवा. १९१९ साली त्यांनी हुकूम काढला, की सरकारी दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्यांना इतरांसारखंच आपुलकीनं वागवलं पाहिजे, आणि ज्या नोकरांना हे पटत नसेल त्यांनी मुदतीत राजीनामा द्यावा. मला यातला राजीनाम्याचा भाग फार आवडतो. समजूत घालणं नाही, प्रबोधन नाही. पटत नसेल तर जावा. एखाद्या माणसाला नाडी न बघता लांबून औषध टाकलं जात असेल, तर त्याच्यासाठी तो दवाखाना नसल्यासारखाच. तो हुकूम निघाला तेव्हा आमच्यासारख्यांसाठीही दवाखाना थोरला झाला. ‘आमच्यासारख्या’ म्हणजे कोण हे इथं उलगडून सांगत नाही. आमच्या पणज्याला गावच्या विहिरीवर घेत नव्हते, एवढं पुरे.

इमारतीचं सांगायचं तर, जुना भाग काळ्या दगडाचा. कमानी, जाड भिंती, उंच छत. चार्ल्स मँट नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरची ही रचना. समोरचा टाऊन हॉल त्याचाच, नवा राजवाडाही त्याचा. टाऊन हॉलच्या बागेत आम्ही त्या अकरा दिवसांत किती वेळा जाऊन बसलो असू. उजवीकडं बघितलं तर कोर्ट. आता तिथं, जुन्या कोर्टाच्या इमारतीत, ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. शहाण्यानं कोर्टाची आणि दवाखान्याची पायरी चढू नये म्हणतात. कोल्हापूरकरांनी दोन्ही पायऱ्या एका चौकात ठेवल्या आहेत, चुकायला नको म्हणून.

अकरा दिवस. पहिल्या तीन दिवसांची भीती ओसरली तसं माझं काम ठरून गेलं: लघवी मोजायची. मूत्रपिंडं टिकली का नाही ते कळायचा तोच मार्ग. सिस्टरनी एक मापाचं भांडं दिलं, मी एक शंभर पानी वही आणली. वेळ, किती एमएल, रंग. पहिल्या पानावर ‘चहासारखी’ असं लिहिलंय. पुढं ‘कोरा चहा’. मग ‘कमी कोरा’. रंगाला शब्द मिळेनात, तेव्हा चहाच्या आधारानंच सगळं लिहिलं. अण्णांना याची भयंकर लाज वाटायची. ज्या माणसानं पोरासमोर कधी सदरा काढला नाही, त्याचं भांडं पोरगं उजेडाला धरून बघतंय. ते भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, “टाक की वतून. काय बघतुयास त्यात?” चौथ्या दिवशी दिवसभरात दोनशेच्या वर गेली नाही. सिस्टर माझ्या वहीकडं बघून काही बोलल्या नाहीत, डॉक्टरांना बोलवून आणलं. सहाव्या दिवशी आकडा चढायला लागला. नवव्या दिवशी मी लिहिलंय: ‘९०० – पाण्यासारखी’. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्यात. बारावीच्या निकालावरसुद्धा मारल्या नव्हत्या.

शेजारच्या कॉटवर आजऱ्याकडचा एक पोरगा होता. त्याच्या ‘पोटात औषध गेलं होतं’. आमची भाषा इथं विचित्र आहे. पिकावर फवारायचं तेही औषध, माणसानं घ्यायचं तेही औषध, आणि जीव द्यायला प्यायलं तरी औषधच. विषारी म्हणायला कुणाची जीभ उठत नाही. त्याला ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालू होती. त्या इंजेक्शननं माणूस भ्रमात जातो, हवेत काहीतरी वेचल्यासारखे हात करतो. तो रात्रभर छताखाली बोटं फिरवायचा. त्याची आई घाबरून सिस्टरना बोलवायची आणि सिस्टर दर वेळी तेच सांगायच्या, “हे चांगलं लक्षण आहे, औषध लागू पडतंय.” कुठलं औषध, असं त्या माउलीनं एकदा विचारलं. त्यावर कुणी हसलं नाही.

पोरगा सहाव्या दिवशी उठून बसला आणि पहिली मागणी केली ती भजीची.

दवाखान्यातली खरी वस्ती रात्री नऊनंतर व्हरांड्यात भरते. पेशंटजवळ एक जण, बाकीचे बाहेर. चटया, घोंगडी, पाण्याच्या बाटल्या, फडक्यात बांधलेल्या भाकरी. इथं जात, शिक्षण, जमीन काही चालत नाही. इथं मान मिळतो दिवसांवर. ज्याच्या पेशंटला बावीस दिवस झालेत तो सगळ्यांत वडील. गरम पाणी कुठं मिळतं, रक्ताचा रिपोर्ट किती वाजता येतो, कुठल्या डॉक्टरांच्या राऊंडच्या वेळी तोंड उघडायचं आणि कुठल्या वेळी मिटायचं, हे सगळं त्याला ठाऊक. आम्ही तिसऱ्या दिवशी कनिष्ठ होतो. नवव्या दिवशी गडहिंग्लजकडच्या एका नव्या माणसाला माझी आई केस पेपर आणि इनडोअर पेपर यातला फरक समजावून देत होती. माझ्या आईला सही करता येत नाही.

तिथं ओळख करून घेताना आधी नाव विचारत नाहीत. ‘कोन गाव?’ आणि ‘पेशंटला काय झालंय?’ एवढं झालं की भाकरी पुढं होते. खर्डा, शेंगांची चटणी, कुणाच्या डब्यात सुकं मटण असेल तर तेही. तात्या रोज संध्याकाळी गावाकडून डबा घेऊन यायचे. भावाशी बोलायचे नाहीत. डबा आईकडं द्यायचे, कॉटच्या पायथ्याशी उभं राहून पायाची सूज बघायचे, आणि मला विचारायचे, “आज किती झाली?” वहीतला आकडा ऐकला की जायचे. अण्णाही मग मला विचारायचे, “गेला काय त्यो?”

दवाखान्यातल्या हाका कधी नीट ऐकल्यात का? वॉर्डबॉय मामा, आया मावशी. सगळं आईकडचं नातं. काका-आत्या कुणी नाही. मला वाटतं हे उगाच नाही. काकाशी वाटणी होते, मामाशी होत नाही. हक्कानं काही मागायचं असेल आणि भांडणही नको असेल, तर माणूस आजोळचा शब्द काढतो. डॉक्टर मात्र बावीस वर्षांचा असला तरी साहेब, आणि ती मुलगी असली तर म्याडम. नर्सला सिस्टरच. बहीण कुणी म्हणत नाही.

वॉर्डातल्या एका मावशीनं अण्णांना पहिल्यांदा चालवलं. सुजलेला पाय जमिनीवर टेकवायला ते तयार नव्हते. मावशी म्हणाली, “पावनं, शेतात जनावरावर पाय द्यायला भ्याला न्हाईसा आनि ह्या फरशीला भ्यातासा व्हय?” अण्णा उठले. चार पावलं टाकली. परत येताना मावशीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला, आपल्या आपण आले.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज. किती खर्च आला ते सांगितलं तर आज कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून सांगत नाही. एवढं मात्र सांगतो, की एक म्हैसही विकावी लागली नाही. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या एकाच्या पोराला अपघात झाला. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात अनामत भरल्याशिवाय पुढचं काही हलेना, आणि त्यांची पाऊण एकर गेली. पोरगं वाचलं. त्यामुळं कुणाला दोषही देता येईना. आता रेशनकार्ड दाखवलं की महात्मा फुले योजनेतून बरंच काही होतं, दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो. तेव्हा यातलं काही नव्हतं. थोरला होता.

इथं एक कबूल केलं पाहिजे. त्या अकरा दिवसांनी आमचं घर काही बदललं नाही. गणपतीच्या आधी तात्या आणि अण्णा पुन्हा बांधावरून हमरीतुमरीवर आले. तात्या भर चौकात म्हणाले, “तवा गाडी आनली नसती तर आज बांध माझाच हुता.” अण्णा म्हणाले, “म्हनूनच आनलीस व्हय? बांध मोजायला मानूस पायजे म्हनून?” लोक हसले. तेही हसले असते, पण तेवढं सख्य अजून व्हायचं होतं. ते कधी झालंच नाही म्हणा. अण्णा २०१७ मध्ये झोपेत गेले. दवाखाना वाट्याला आला नाही. तेराव्याला तात्या सकाळपासून रात्रीपर्यंत मांडवात उभे होते.

माझं म्हणाल तर मी त्या वर्षानंतर सीपीआरमध्ये वर्षानुवर्षं पाऊलही टाकलं नाही. नोकरी लागली, विमा आला. पोराला ताप आला की एसी लावलेल्या वेटिंग रूममध्ये बसायला लागलो. रक्तदानाला दोनदा गेलो असेन, तेही ऑफिसच्या गाडीतून. माणूस चार पैसे मिळवायला लागला की थोरल्याकडं जाणं कमी करतो. गरज नसते, आणि खरं सांगायचं तर, कुणी बघितलं तर काय, असंही वाटतं. गेल्या काही वर्षांत शेंडा पार्कात अकराशे खाटांचं नवं रुग्णालय उभं राहणार म्हणून बातम्या येतात. त्या वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की बरं झालं, हवंच होतं. आणि लगेच दुसरं मनात आलं, की मग लोक थोरला कशाला म्हणतील? त्याला की याला?

गेल्या दिवाळीनंतर तात्यांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा मुलगा पुण्यात, चांगल्या कंपनीत. त्यानं तिथलं एक मोठं हॉस्पिटल ठरवलं, खोली बुक केली, गाडी पाठवली. तात्या गाडीत बसायला तयार होईनात. शेवटी त्यानं मला फोन केला, “दादा, तूच समजाव. तुझं ऐकतील.” मी गेलो. तात्या सोप्यात बसून तंबाखू मळत होते. मी सगळं सांगितलं: तिकडं सोय चांगली आहे, मुलाची इच्छा आहे, पैशाचा प्रश्न नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मला थोरल्यात न्या.”

नेलं. केस पेपर मी काढला. रांग होती. पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “कोन गाव?” मी गाव सांगितलं. “पेशंटला काय झालंय?” तेही सांगितलं. एवढी वर्षं शहरात राहून माझं नाव पहिल्या वाक्यात सांगायची सवय लागली होती, ते सांगायची वेळच आली नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हा तात्या उशीला टेकून बसले होते, चहा पाणचट आहे म्हणून मावशीशी वाद घालत. मला बघून त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली आणि बोट केलं.

“तुझा बाप हितंच हुता. त्या खिडकीपाशी.”

मी म्हणालो, “न्हाई तात्या, ते ह्या वॉर्डात नव्हतेच. तो मेडिसिनचा वॉर्ड, पलीकडं. आणि कॉट दाराजवळ होती.”

“खिडकीपाशी. मी रोज यीत हुतो. पायथ्याला हुबा ऱ्हायचो तवा डोळ्यावर ऊन यायचं.”

“संध्याकाळी यायचासा तुम्ही. कुठलं ऊन?”

“मावळतीचं यीत न्हाई व्हय?”

“जुलै होता, तात्या. पाऊस होता.”

“पाऊस असू दे, मर्दा. खिडकी हुती.”

माझ्याकडं वही होती, घरी, माळ्यावर. पण तिच्यात कॉट कुठं होती ते लिहिलेलं नाही, नुसते आकडे आहेत. मी तसं सांगितलंही. तात्या म्हणाले, मग तुला काय ठावं. आवाज जरा चढला असावा. कारण दाराशी सिस्टर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पेशंटला बोलवू नका जास्त. वेळ संपलीय, नातेवाईक बाहेर थांबा.”

मी उठलो. दारापर्यंत गेलो तोवर मागून आवाज आला, “खिडकीपाशीच!”